वेष्टण मोजत नाहीत

"ह्यो माजा कागद नाय," खिडकीबाहेरून शुक्रा ठाकर म्हणाला, आणि आत चटईवर बसून कागद शिवणाऱ्या बुधाजीच्या हातातलं दाभण अर्ध्यावर थांबलं. हेडकारकून मात्र मजेत होते. जेवण झालेलं, पान जमलेलं, आणि समोर चिडवायला एक ठाकर. "तुला वाचता येतं का रे?" त्यांनी विचारलं. "नाय," शुक्रा म्हणाला. "मग तुझा नाही हे कशावरून म्हणतोस?" शुक्रा खिडकीच्या गजातून ते नवंकोरं बदामी वेष्टण बघत होता. "माजा मळका हुता. हितं कोपऱ्याला तेलाचा डाग हुता. आन आतल्या अंगाला पाच निशान्या हुत्या. एक माज्या बापाची." कारकून हसले, पण वाईट मनाने नाही. त्यांनी त्याला समजावलं की जुनी मळकी वेष्टणं काढून नवी घातली आहेत, वरून तसा हुकूम आहे, माणसाने अंगरखा बदलला म्हणून माणूस बदलत नाही. मग त्यांनी बोटाला थुंकी लावून पानं मोजली. "यादीत चौदा, हातात चौदा. मोजून घे हवं तर. सगळी आहेत." शुक्राने मोजायचं काही केलं नाही. त्याने कारकुनाच्या खांद्यावरून आत पाहिलं, अंधारात बसलेल्या बुधाजीला शोधलं आणि म्हणाला, "दादा, तू हुतास तवा वाडीवर. तू सांग." बुधाजीने मान खाली घातली आणि दाभण पलीकडे काढलं. दोरा ओढला, गाठ मारली. एवढंच झालं. चौकशी परवावर आली होती, आणि शुक्रा परवा येतो म्हणून उन्हात चालू लागला.

ही कचेरी कायमची नव्हतीच. डोंगरउतारावरची जमीन सरकारी जंगलात किती जाते आणि वाड्यांकडे किती राहते, याची चौकशी करायला तीन वर्षांसाठी बसवलेली, दहिवलीत भाड्याच्या घरात, मागे गोठा आणि पुढे कचेरी अशी. बुधाजी तिथला दप्तरी. म्हणजे कागद शिवायचे, खळ लावायची, वेष्टण घालायचं आणि मागितलेलं प्रकरण मांडणीवरून काढून द्यायचं. कुणब्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला नांगराऐवजी दाभण हातात आलं याचा त्याच्या बापाला मरेपर्यंत अचंबा वाटत राहिला. बुधाजीला आकडे कळत, मोडीतलं आपलं नाव कळे, त्यापुढे अक्षरांनी आपला रस्ता धरावा आणि त्याने आपला. पण कागद त्याला कळे. कुठला ताव कशाचा, कुठला दमट हवेत फुगेल, कुठला घडीवर तडकेल, हे तो डोळे मिटून सांगे. मुंबईहून रेल्वेने ती बदामी तावांची गठडी आली तेव्हा त्याने पहिला ताव दोन्ही हातांनी वाकवून कानाशी नेला होता. जाड, चिवट, टणत्कार करणारा. असा कागद त्याने आधी पाहिला नव्हता. आज त्याच कागदाचा त्याला वास सहन होईना. मोरचूद घातलेल्या खळीचा वास, नव्या कागदाचा वास, आणि त्या दोन्हींच्या खाली, त्याची खात्री होती, तापात पडलेल्या त्याच्या पोरीच्या अंथरुणाचा वास.

घरी जाताना उल्हास नदीच्या काठाने जायची त्याची सवय. पाणी रोडावलं होतं, पांगारा लाल झाला होता, आणि त्याला यांतलं काही दिसत नव्हतं. दिसत होती ती दोन वर्षांपूर्वीची पौषातली सकाळ. दिघे कारकून, तो आणि बैलगाडी असे खालापूरच्या अंगाला डोंगराखालच्या कुंभ्याच्या वाडीवर गेलेले. ओढ्याच्या दगडांत गाडी चढेना म्हणून गाडी खाली ठेवली, कागदांची पेटी गाडीतच राहिली, आणि वर आले ते नुसतं प्रकरण काखेत मारून. वाडीची पाच जाणती माणसं झाडाखाली जमली. नाचणी-वरीचे तुकडे कुठून कुठपर्यंत, कुठला दगड, कुठली आंब्याची जोड, कुठला ओढा, हे ती सांगत होती. आणि लिहायला कागद नाही. दिघे मोठे उरकते. त्यांनी प्रकरणाचं वेष्टण सोडवलं, उलटं केलं, आणि आतल्या कोऱ्या बाजूवर भराभर हद्द काढली. ओढा, दगड, आंबे, वाडीचा आडोसा. "उद्या कचेरीत पक्की नक्कल करू," ते म्हणाले. मग पाचांच्या निशाण्या घ्यायची वेळ आली, आणि बुधाजीच्या पायाचा धक्का लागून दऊत कलंडली. शाई मातीत गेली. दिघे त्याला दोन शब्द बोलले, त्या शब्दांची धार आता आठवत नाही. आठवतं ते इतकंच की शुक्राची बायको जना पुढे आली, तिने चुलीवरचा तवा उपडा घातला, आणि बुधाजीने दगडाने त्याची काजळी खरवडली, पाण्यात कालवली. त्या काजळीने निशाण्या उठल्या. शुक्राचा बाप लडकू, त्याने कोयता काढला. दुसऱ्याने तिरकमठा. तिसऱ्याने कुऱ्हाड. चौथ्याने विळा. आणि कोंडी म्हातारीने, बायामाणसाची निशाणी बांगडी असते म्हणून, एक गोल काढला आणि तो जुळेना म्हणून हसत सुटली. सगळी हसली. बुधाजीही हसला होता.

ती नक्कल झाली नाही. दिघ्यांची बदली झाली, आणि प्लेगच्या पहिल्याच फेऱ्यात ते गेले. वाडीवर प्लेग नव्हे, साधा हिवताप आला, पण तो काय कमी खातो? पाचांतली चार माणसं दोन पावसाळ्यांत मातीत गेली. कोंडी राहिली, आणि कोंडीला आता पोटचा पोर ओळखू येत नव्हता. म्हणजे त्या जमिनीवर ही माणसं बापजाद्यांपासून आहेत हे सांगणारं जगात एकच काय ते उरलं होतं, ते वेष्टणाच्या पोटातलं काजळीचं चित्र. ते नसेल तर हद्दीचा दगड वाडीच्या दारात येऊन बसेल, आणि वाडीने उठून कुठे जायचं हे कुठल्याच हुकमात लिहिलेलं नव्हतं. आणि ते वेष्टण कुठे आहे हे एकट्या बुधाजीला ठाऊक होतं. ते त्याच्या घरात, देवळीत, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी होतं. त्याची पेटी झाली होती.

नवे ताव आले ते श्रावणात. तीनशेवर प्रकरणांची जुनी वेष्टणं काढून नवी चढवायची होती, आणि काढलेली वेष्टणं दप्तऱ्याने न्यावी, चूल पेटवावी नाहीतर भिंतीची भोकं बुजवावी, असा रिवाज. वेष्टण हे पान नव्हे. पानाला आकडा असतो, वेष्टणाला नसतो, आणि ज्याला आकडा नाही ते कचेरीत नसतंच. तेव्हा घरात ठकी तापाने पडली होती. सहा वर्षांची, एकुलती, आधीची दोन गेल्यावर नवसाने राहिलेली. दिवसभर आढ्याकडे बघत पडायची, आणि संध्याकाळी बापाच्या काखेतला कागद बघून उठून बसायची. तिला कागदाचं वेड त्याच्याकडूनच आलेलं. त्याने तिला जुन्या वेष्टणांची गाडी करून दिली, बैल करून दिले, सूप करून दिलं. मग तिला पेटी हवी झाली, झाकणाची. त्या दिवशीच्या गठ्ठ्यातून तिने स्वतः कागद निवडला. "बा, ह्यो घे. ह्यात बांगडी हाय." बुधाजीने कागद हातात घेतला आणि त्याला कळलं. इथे तो स्वतःला फसवू शकत नव्हता, आज नदीकाठाने चालताना तर मुळीच नाही. त्याला त्या क्षणी कळलं होतं की हा वाडीवरचा कागद आहे, ही मी कालवलेली काजळी आहे. आणि त्याने मनाशी म्हटलं होतं, दिघ्यांनी नक्कल केली असेल. केली असेल का, हे मांडणीवर जाऊन बघायला चार पावलं पुरली असती. पण पोरगी दोन दिवसांनी हसली होती. बापाने तिचं हसू घेतलं आणि चार पावलं टाकली नाहीत. चित्र आत येईल अशी घडी घातली, कोपरे दुमडले, खळ लावली. ठकीने "मी दाबते" म्हणून झाकणाजवळच्या पट्टीवर अंगठा दाबून धरला, वाळेपर्यंत. वाळलेल्या खळीत तिचा अंगठा उमटून राहिला, रेघारेघांसकट. मग तिने त्यात गुंजा भरल्या. कोळशाच्या तुकड्याने तळाची बांगडी पुन्हा पुन्हा गिरवली, साजगावच्या जत्रेत राहून गेलेली बांगडी होती ती, पुढच्या जत्रेत घेऊ म्हटलेली. जत्रा कार्तिकात असते. ठकी भादव्यात गेली.

"आज गप हायसा," सुंदरा म्हणाली. त्याची बायको मुळात कमी बोलणारी, पोर गेल्यापासून घरात दोन माणसं कमी बोलणारी झाली होती. "कचेरीत काम हुतं," तो म्हणाला. तिने ताट वाढलं. तो जेवताना देवळीकडे पाठ करून बसला, आणि पाठीला ती पेटी दिसत राहिली. सुंदरा ती पेटी रोज पुसत नसे, देवासारखी पूजतही नसे. दर गुरुवारी, पोर गेली त्या वारी, ती पेटी मांडीवर घेई, झाकण उघडे, गुंजा मोजे, त्या अंगठ्यावर आपला अंगठा टेके आणि पुन्हा ठेवून देई. रडणं वगैरे नाही. आठवड्यातून एकदा एवढं केलं की उरलेले सहा दिवस ती भात कांडू शकत होती, शेण काढू शकत होती. हे बुधाजीला कुणी सांगितलं नव्हतं. एका घरात राहून एवढं कळतं. चौकशी गुरुवारी होती.

खरं म्हणजे वाट सरळ होती, आणि ती त्याला दिसत होती. पेटी उचलावी, तशीच साहेबांच्या टेबलावर ठेवावी आणि म्हणावं, साहेब, वाडीचा कागद हा, चूक माझी. फार तर नोकरी जाईल. सरकारी कागद घरी नेला म्हणून आणखी काही होईल. पण पेटी परत येणार नव्हती. पुरावा म्हणून कापून सपाट करतील, आकडा घालतील, मांडणीवर जाईल, आणि गुरुवारी सुंदरा देवळीत हात घालील. ह्या पारड्यात एक वाडी, त्या पारड्यात एक बाई. चार-पाच घरांची जिवंत माणसं आणि एका मेलेल्या पोरीचा अंगठा. असं मांडलं की उत्तर कुणी लहान मूलही देईल, पण बुधाजीला ते देववत नव्हतं, आणि म्हणून त्याला स्वतःची किळस आली. मग अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला ते सुचलं, आणि सुचताच इतकं हलकं वाटलं की झोपच लागली. तो दप्तरी होता. चिकटवलेलं सोडवणं हा त्याचा रोजचा धंदा. पेटी अलगद सोडवावी, वेष्टण सपाट करून गुपचूप प्रकरणात घालावं, आणि नव्या तावाची हुबेहूब पेटी करून देवळीत ठेवावी. वाडीलाही कागद मिळेल, सुंदरालाही पेटी. कुणाचं काही जाणार नाही. आपल्या हाताच्या कसबावर त्याचा असा विश्वास होता.

बुधवारी सकाळी अंग कसकसतंय म्हणून त्याने कचेरीत निरोप धाडला. सुंदरा धुणं घेऊन नदीवर गेली तसं त्याने दार लोटलं. गुंजा वाटीत काढल्या. त्या मोजल्या, तेवीस. पेटी पाटावर ठेवली. तळाची बांगडी समोर दिसत होती, कोळशाने जाड झालेली. बाकी चार निशाण्या दुमडलेल्या पट्ट्यांखाली चिकटल्या होत्या. त्याने फडकं ओलं केलं, पिळलं, पट्टीवर ठेवलं, वर गरम पाण्याचा तांब्या टेकवला. हे त्याने शेकडो वेळा केलं होतं. ऊब आणि ओल मिळाली की खळ सैल होते, आणि सुरीचं टोक घातलं की कागद न फाटता सुटतो. अंगठ्याची पट्टी त्याने शेवटी ठेवली होती. ती सोडवताना त्याने डोळे मिटले नाहीत, मुद्दाम बघत राहिला. रेघा फुगल्या, चकाकल्या, आणि मग तिथे नुसती ओली खळ होती. ती त्याच्या बोटाला लागली. त्याने बोट पुसलं नाही, सुरी तशीच चालवली.

कागद सुटला. एकही चीर न पडता सुटला, आणि बुधाजीला त्याही घडीला, आत कुठेतरी, आपल्या हाताचं कौतुक वाटलं. मग त्याने तो उलटला. ओढा होता, दगड होता, आंब्याची जोड होती. दिघ्यांची कचेरीची शाई, पक्की, जागची हललेली नव्हती. पण खाली, जिथे कोयता होता, तिथे करडा डाग होता. तिरकमठ्याच्या जागी डाग. कुऱ्हाड, विळा, डाग. त्याने फडकं उचलून पाहिलं. कोयता फडक्यावर होता, उलटा, पसरलेला, आणि बघता बघता ओलीत आणखी पसरत होता. काजळी. नुसत्या पाण्यात कालवलेली तव्याची काजळी, डिंक नाही, काही नाही. ती शाई नव्हती हे सगळ्या कचेरीत ज्या एका माणसाला माहीत होतं, त्यानेच तिच्यावर ओलं फडकं ठेवलं होतं. शेकडो कागद सोडवलेल्या हाताला शाईची सवय होती, आणि हात सवयीने वागला. मेलेल्या चार माणसांना त्याने पुसून घेतलं होतं. त्याला आठवत राहिला तो जनाचा उपडा तवा, आणि ती किती खुशीने पुढे आली होती ते.

बराच वेळ गेला असावा, कारण तांब्यातलं पाणी निवलं होतं. मग तो उठला, आणि त्याने जे केलं त्याचा विचार तो पुढे आयुष्यभर करणार होता. त्याने आपल्या चुलीवरचा तवा काढला, काजळी खरवडली, ह्या वेळी डिंक घालून कालवली, आणि काडी बुडवून त्या वेष्टणावर धरली. कोयता कसा होता हे त्याला ठाऊक होतं. लडकूचा हात कुठे कापला, कुठे रेघ जाड झाली, सगळं डोळ्यांसमोर होतं. काढला असता तर शुक्रालाही फरक ओळखू आला नसता. काडी कागदापासून बोटभर अंतरावर थांबली, आणि तिथेच थांबून राहिली. मेलेल्या माणसाच्या नावाने निशाणी करायची? धरला गेलो तर? आणि न धरला गेलो तरी? ह्यातली पापाची भीती किती आणि तुरुंगाची किती, हे त्याला वेगळं करता आलं नाही. काडी त्याने बाजूला घेतली. आणि मग नवा ताव कापून, श्रावणात ठकीसाठी कचेरीतून कोटाखाली लपवून आणलेला आणि तसाच राहिलेला ताव, त्याने पेटीचा बेत आखला, आणि तीच काडी, तीच काजळी घेऊन त्याच्यावर ओढा काढला, दगड काढला, आंबे काढले, आणि कोयता, तिरकमठा, कुऱ्हाड, विळा, बांगडी, पाचही निशाण्या न थांबता, हात न कापता काढल्या. जिथे त्या एका वाडीची घरं वाचवू शकत होत्या तिथे त्याला धीर झाला नाही, आणि बायकोला फसवायला झाला. घडी घातली, खळ लावली. पट्टीवर आपला अंगठा ठेवावा का असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण त्याचा अंगठा तिच्या दोन अंगठ्यांएवढा होता. राखेने आणि तेलाच्या हाताने नवा कागद मळवला. तेवीस गुंजा आत घातल्या. पेटी देवळीत ठेवली आणि जुनं वेष्टण पोटाशी धरून दुपारी कचेरीत गेला. बरं वाटतंय म्हणाला, आणि कुणाचं लक्ष नसताना ते वेष्टण चौदाव्या पानामागे सरकवलं.

गुरुवारी साहेब बऱ्या मनःस्थितीत होते. ते घाटावरचे, ह्या बाजूच्या हवेने बेजार, पण माणूस वाईट नव्हता, आणि बुधाजीला पुढे हेच सगळ्यांत जास्त छळत राहिलं. वाईट माणसाने वाईट केलं असतं तर सोपं होतं. चौदा पानं वाचून झाली, आणि त्यांच्या हाताला ते वेष्टण लागलं. "हे काय? ह्याला आकडा नाही." हेडकारकून गोंधळले. शुक्रा दारातून दोन पावलं आत आला आणि म्हणाला, "ह्योच. ह्योच माजा कागद." त्याने कोपऱ्यावरचा तेलाचा डाग दाखवला. मग तो खाली वाकला, आणि त्याचा चेहरा बघायला नको म्हणून बुधाजी पंख्याच्या दोरीकडे बघू लागला. पण ऐकू येत होतंच. "हितं माज्या बापाचा कोयता हुता," शुक्रा करड्या डागावर बोट ठेवून म्हणाला. "हितं तिरकमठा. हितं..." बोट रिकाम्या जागांवरून फिरत होतं. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला. "मला तर फक्त एक वर्तुळ दिसतंय, कोळशाने काढलेलं. हे कुणा पोराने गिरवलेलं दिसतं." होय साहेब, पोरानेच. सहा वर्षांच्या. हे शब्द बुधाजीच्या तोंडाशी तयार होते, फक्त सोडायचे होते.

"तेव्हा तिथं हजर असलेलं कुणी आहे?" साहेबांनी विचारलं. शुक्राने मान वळवून बुधाजीकडे पाहिलं. परवासारखं "तू सांग" म्हणालाही नाही. आणि बुधाजी पुढे झाला. "मी हुतो, साहेब." "निशाण्या झाल्या होत्या?" "झाल्या हुत्या. पाच. मीच शाई... काजळी कालवली हुती." साहेबांनी मान डोलावली, आणि एका क्षणापुरतं बुधाजीला वाटलं की झालं, सुटलो. "मग त्या गेल्या कुठे? आणि हा कागद इतके दिवस कुठे होता?" घरी हुता, साहेब. पेटी केली हुती. पुसल्या मी. त्याने तोंड उघडलं. देवळी दिसली, देवळीतली खोटी पेटी दिसली, सुंदराचा हात दिसला. इथे बोललेलं संध्याकाळपर्यंत दहिवलीभर होईल, तिच्यापर्यंत जाईल. "म्हाईत नाय," तो म्हणाला. साहेब त्याच्याकडे आणि शुक्राकडे आळीपाळीने बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा मिटत गेला. "असं," ते म्हणाले. "काल नव्हता तो कागद आज येतो. पुसलेल्या निशाण्या माझ्याच दप्तऱ्याला दिसतात. काय दिलं रे ह्याने तुला? मध? कोंबडी?" त्यांनी टाक बुडवला. तो मुका राहिला असता तर कदाचित त्यांनी पुन्हा वाडीवर जाऊन चौकशी केली असती, तसं ते सकाळी म्हणालेही होते. बुधाजीच्या अर्ध्या खऱ्याने तेही दार लावून टाकलं.

दुपारी प्रकरण निकालात निघालं म्हणून शिवायला त्याच्यासमोर आलं. शुक्रा बाहेर कडुनिंबाखाली बसला होता. त्याला निकाल समजावून सांगितला होता, आणि वाडी उठवायला पावसाळ्यापर्यंत मुदत होती. बुधाजी पाण्याच्या निमित्ताने बाहेर आला, त्याच्याजवळ उभा राहिला. शुक्राच म्हणाला, "तू बोललास, दादा. बाकी कोन बोललं नाय. तुजे उपकार हायत." आणि त्याने खरोखरच कमरेच्या फडक्यातून मोहाची मूठभर फुलं काढून त्याच्या हातात ठेवली. बुधाजीने ती घेतली. न घेण्यासाठी जे सांगावं लागलं असतं ते त्याच्याने सांगवलं नाही. मग आत जाऊन त्याने ते प्रकरण शिवलं. चौदा पानं, आणि मागे ते वेष्टण, ज्याला आता पंधरावा आकडा पडला होता. दाभण बरोबर बांगडीच्या कडेतून गेलं.

उन्हं कलता कलता तो घरी आला तेव्हा सुंदरा उंबऱ्याच्या आत बसली होती आणि पेटी तिच्या मांडीवर होती. झाकण उघडं होतं. त्याने मोहाची फुलं कोनाड्यात ठेवली, पाय धुतले, उगाच वेळ लावला. तिचा अंगठा झाकणाजवळच्या पट्टीवर फिरत होता, पुढे मागे, पुढे मागे. आतलं चित्र जसंच्या तसं होतं, मळका रंग होता, घड्या त्याच होत्या. सात गावांत कुणी फरक सांगितला नसता.

"ही ठकीची नाय," सुंदरा म्हणाली.

"म्हंजे? काय तरीच बोलतीस."

"हितं तिचा अंगठा हुता."

तो खाली बसला. सगळं सांगायचं, आत्ता, इथे, हिला, असं त्याने ठरवलंही. पण जे तोंडातून बाहेर पडलं ते त्याने आधी ऐकलं होतं, परवा, खिडकीशी, पान चघळत म्हटलेलं. ते त्याला आपल्याच आवाजात ऐकू आलं, आणि तरी ते पुरं झाल्याशिवाय थांबलं नाही.

"तेवीस गुंजा हायत, सुंदरा. मोजून घे हवं तर. समद्या हायत."

तिने मोजल्या नाहीत. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग पेटी मांडीवरून उचलून खाली जमिनीवर, त्याच्या बाजूला, ठेवली.